व्हीईजीएफ आणि स्तनाच्या कर्करोगाचे पूर्वानुमान

व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींना वाढायला लावणारे प्रथिन आहे. गाठीत ते किती आहे यावरून स्तनाच्या कर्करोगाची पुढची वाटचाल सांगता येईल, या आशेने त्याचा बराच अभ्यास झाला.

गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला स्वतःचा रक्तपुरवठा हवा, हा विचार अमेरिकी शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. प्राणवायू अपुरा पडला की गाठीतल्या पेशी व्हीईजीएफ सोडतात, ते जवळच्या केशवाहिन्यांवरील ग्राहींना (संदेश पकडणाऱ्या प्रथिनांना) चिकटते आणि तिथून नवे फाटे फुटतात. हे फाटे वेडेवाकडे असतात, त्यांतून द्रव झिरपतो. १९८३ मध्ये या प्रथिनाची पहिली ओळख पटली ती या झिरपण्यामुळेच. त्याच कुळातली सी आणि डी ही प्रथिने लसीकावाहिन्या (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्या) वाढवतात.

१९९१ मध्ये नोएल वाइडनर, फोकमन आणि सहकाऱ्यांनी ४९ रुग्णांच्या गाठींचे काप रंगवले, वाहिन्यांची सर्वांत दाट गर्दी असलेली जागा सूक्ष्मदर्शकाखाली शोधली आणि तिथल्या वाहिन्या एकेक करून मोजल्या. आजार इतरत्र पसरलेल्यांत हा आकडा जास्त निघाला. १९९७ मध्ये, काखेतील लसीकाग्रंथींपर्यंत आजार न पोहोचलेल्या २६० रुग्णांच्या अभ्यासात, गाठीत व्हीईजीएफ जास्त असलेल्यांचा आजार उलटण्याचा धोका अधिक दिसला.

अडचण मोजण्यातच आहे. दाट जागा कोणती, हे पाहणाऱ्याच्या नजरेवर ठरते. रक्ततपासणी सोपी वाटते, पण रक्तबिंबिकांमध्येही (प्लेटलेट्समध्येही) व्हीईजीएफ साठलेले असते. नळीत रक्त गोठताना ते बाहेर पडते आणि सीरममधला, म्हणजे गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातला, आकडा फुगतो. त्यामुळे गोठू न दिलेल्या रक्तातला प्लाझ्मा (पेशी वेगळ्या काढल्यावरचा द्रव) घ्यावा लागतो.

आजार कसा वागेल आणि औषध लागू पडेल का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. रुग्णाला समजावताना त्यांची गल्लत मुळीच होऊ नये. व्हीईजीएफला अडवणाऱ्या बेव्हासिझुमॅबला अमेरिकेत २००८ मध्ये पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी मान्यता मिळाली. पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधासोबत ते दिल्यावर आजार सरासरी ५.९ ऐवजी ११.८ महिने आटोक्यात राहिला होता, मात्र एकूण आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही. २०११ मध्ये ती मान्यता काढून घेण्यात आली. प्लाझ्मातील व्हीईजीएफ पाहून या औषधासाठी योग्य रुग्ण निवडण्याचा प्रयत्नही पुढे मेरिडियन चाचणीत फसला.

बायोप्सीच्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये आजही ईआर, पीआर (दोन्ही संप्रेरकांचे ग्राही) आणि हर-टू (पेशींच्या वाढीशी संबंधित ग्राही) असतात, बऱ्याचदा केआय-६७ही (विभागणाऱ्या पेशींची खूण) असते, व्हीईजीएफ नसते.