पाण्यावरची चकाकी, ड्रोनचा फिल्टर आणि गिंबलचा तोल

सोलापुरातून तुळजापूरकडे निघालं की हिप्परग्याचा एकरुख तलाव लागतो. पाणी उतरू लागलं की उथळ काठाचा गाळ, शेवाळाचे पट्टे, पाण्याखालचे दगड हे सगळं वरून टिपावं असं असतं. पण ड्रोन वर नेऊन कॅमेरा पाण्याकडे वळवला की पडद्यावर अनेकदा नुसती पांढरी चकाकी येते. तळ राहू द्या, पाण्याचा रंगसुद्धा कळत नाही.

ही चकाकी म्हणजे प्रत्यक्षात फार थोडा प्रकाश असतो. वरून सरळ खाली पाहिलं तर पाणी आपल्यावर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम २ टक्के परत फेकतं, आणि बरंच तिरकं पाहिलं तर ४ टक्के. पण पाण्याच्या आतून, गाळावर किंवा शेवाळावर आपटून वर येणारा प्रकाशही काही टक्केच असतो. पृष्ठभागावर आभाळ आणि सूर्य उजळून बसलेले, आतली बातमी मंद. त्यामुळे वरचं खालच्याला झाकून टाकतं. एक्सपोजर कमी-जास्त करून इथे काही साधत नाही, कारण दोन्ही प्रकाश एकाच वेळी कमी किंवा जास्त होतात. दोघांना वेगळं करायचं तर त्यांच्यातला फरक शोधावा लागतो, आणि तो फरक कंपनाच्या दिशेत आहे.

हाच फरक वापरून चंद्रशेखर वेंकट रामन यांनी समुद्र पाहिला होता. १९२१ साली इंग्लंडहून ‘नारकुंडा’ बोटीने परतताना त्यांनी निकोल प्रिझममधून, म्हणजे एकाच दिशेचं कंपन आत सोडणाऱ्या त्या काळच्या पोलरायझरमधून, पाणी न्याहाळलं. पृष्ठभागावरचं परावर्तन त्यांनी प्रिझमने दाबलं, तरी निळाई उरलीच, उलट जास्त गडद झाली. समुद्राचा निळा रंग म्हणजे केवळ आभाळाचं प्रतिबिंब, हा तेव्हाचा समज त्यामुळे डळमळला. बोट मुंबई बंदरात असताना त्यांनी त्याबद्दल ‘नेचर’ला पत्र लिहिलं. पाण्याच्या रेणूंवरून प्रकाश कसा विखुरतो हा प्रश्न त्यांनी पुढे सोडला नाही, आणि त्याच वाटेवर १९२८ मध्ये रामन परिणाम हाती आला. ड्रोनच्या कॅमेऱ्यावर बसणारी पोलरायझर फिल्टरची छोटीशी काच तेच काम करते, म्हणून मला तिच्याबद्दल विशेष आदर आहे.

सूर्याचा प्रकाश सगळ्या आडव्या-उभ्या दिशांनी कंप पावत येतो. पाण्यावरून तिरका परतताना त्यात आडव्या कंपनाचा वाटा वाढतो. एका ठरावीक कोनाला तर परतलेला प्रकाश जवळजवळ पूर्णपणे आडवाच कंप पावतो. हा ब्रूस्टर कोन. पाण्यासाठी तो लंबरेषेपासून सुमारे ५३ अंश येतो. ड्रोनवाल्यांच्या हिशेबाने सांगायचं तर गिंबल, म्हणजे कॅमेरा मोटारींवर स्थिर धरणारी चौकट, क्षितिजापासून ३७ अंश खाली झुकवा. आणखी सोपं माप असं: पाण्यापासून ३० मीटर उंचीवर असाल, तर ड्रोनच्या बरोबर खालच्या बिंदूपासून ४० मीटर पुढचं पाणी या कोनात येतं. उभं कंपन तेवढं आत सोडणारा फिल्टर लावला की तिथली चकाकी विझते. चौकटीच्या वरच्या आणि खालच्या कडेला ती थोडी उरते, कारण ड्रोनची लेन्स रुंद असते आणि तिथले कोन वेगळे पडतात.

थेट सूर्याचा लखलखाट काढायचा असेल तर वेळही जुळवावी लागते. गड्डा यात्रेच्या दिवसांत, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास, सोलापुरात सूर्य क्षितिजापासून ३७ अंशांवर असतो तो सकाळी दहाच्या आसपास आणि दुपारी तीनच्या सुमारास. त्या वेळी सूर्याच्या दिशेने कॅमेरा धरूनही पाणी स्वच्छ दिसू शकतं. याउलट मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, शून्य सावलीच्या दिवसांत, दुपारी सूर्य डोक्यावर येतो. त्याची तिरीप सरळ खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्यातच शिरते आणि त्या कोनात फिल्टर काहीच करू शकत नाही.

हातातल्या कॅमेऱ्यावर आपण फिल्टरची कडी फिरवत डोळ्याने पाहतो. ड्रोन एकदा वर गेला की कडी फिरवणार कोण? इथे गिंबल मदतीला येतो. ड्रोन वाऱ्याने कलंडला तरी गिंबल चित्राची चौकट क्षितिजाला समांतर ठेवतो. तलावाचं पाणी आडवं, त्यावरच्या चकाकीचं कंपन आडवं, आणि चौकटही आडवी. त्यामुळे जमिनीवर एकदा नीट बसवलेला फिल्टर ड्रोनने कुठेही तोंड वळवलं तरी पाण्यासाठी योग्यच राहतो.

तो बसवायची युक्ती गच्चीवर करता येते. परातीत पाणी भरा, तळाशी एक नाणं टाका. पाण्यापासून डोळा ३ फूट वर आणि ४ फूट लांब राहील असे बसा. आभाळाचं प्रतिबिंब पाण्यावर पडलेलं असू द्या आणि फिल्टर सुटा हातात धरून, त्याची बाहेरची बाजू पाण्याकडे ठेवून, सावकाश फिरवा. एका स्थितीत नाणं एकदम उघडं पडतं. त्या वेळी कडीचा जो बिंदू बरोबर वर आहे, तिथे पांढऱ्या पेनने बारीक खूण करा आणि कॅमेऱ्यावर लावताना ती खूण वरच ठेवा. इथे १० अंशांची चूक झाली तर दाबायच्या चकाकीतली ३ टक्केच निसटते. ३० अंशांची झाली तर २५ टक्के. म्हणजे थोडं इकडे-तिकडे चालतं, अंदाजपंचे चालत नाही.

आता वजनाकडे वळू, कारण बहुतेक जण फसतात ते इथे. गिंबलच्या मोटारी बारीक असतात. कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य झुकण्याच्या आसावर येईल असं कंपनीने बसवलेलं असतं, म्हणून मोटारीला कॅमेरा उचलून धरावा लागत नाही, फक्त हेलकावे मोडायचे असतात. आता आसापासून अडीच सेंटिमीटर पुढे ३ ग्रॅमचा फिल्टर अडकवा. साडेसात ग्रॅम-सेंटिमीटरचा पीळ मोटारीवर सतत राहतो. आकडा लहान दिसतो, पण विश्रांती नसते. भरलेला तांब्या हात लांब करून धरला की खांदा भरून येतो, हात खाली सोडला की तोच तांब्या हलका वाटतो. गिंबलचंही तसंच आहे. कॅमेरा समोर पाहत असताना पीळ पूर्ण असतो, ३७ अंश झुकवल्यावर सुमारे ८० टक्के उरतो, आणि सरळ खाली पाहताना जवळजवळ शून्य होतो. म्हणजे फिल्टर जिथे उपयोगी पडतो, नेमका तिथे तो मोटारीलाही जड जातो.

हा पीळ पेलायला मोटार जास्त करंट खेचते आणि तारांमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. अनेक छोट्या ड्रोनच्या पुस्तिकेत कमाल ४० अंश तापमान लिहिलेलं असतं आणि सोलापूरचा एप्रिल-मे ती हद्द ओलांडतोच. त्यात मोटारीची ताकद पीळ पेलण्यातच गेली, तर वाऱ्याचा झटका मोडायला काही उरत नाही. मग चित्र थरथरतं, क्षितिज कलतं, कधी पडद्यावर गिंबल ओव्हरलोडची सूचना येते.

यावर मागच्या बाजूला नाणं किंवा शिशाची पट्टी चिकटवण्याचा उपाय काही जण करतात. तोल साधतो हे खरं, पण एकूण वस्तुमान वाढल्याने कॅमेरा हलवायला आणि थांबवायलाही जास्त जोर लागतो. छोट्या ड्रोनवर मी हा सल्ला देणार नाही. बऱ्याच मॉडेलांत लेन्सपुढची मूळ काच फिरवून काढता येते. तिच्याच वजनाचा, त्याच मॉडेलसाठी बनवलेला फिल्टर तिच्या जागी बसवावा. भर घालण्यापेक्षा बदली बरी. फिल्टर ड्रोन बंद असतानाच लावावा, म्हणजे मोटारींशी झटापट होत नाही. मग ड्रोन सपाट फरशीवर ठेवून चालू करावा आणि गिंबलची सुरुवातीची हालचाल कुठेही न अडकता पूर्ण होते का ते पाहावं.

प्रकाशाचंही गणित आहे. भर उन्हात एफ २.८ (लेन्सचं उघडं तोंड) आणि आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता) ठेवलं तर शटर १/३२०० सेकंदाच्या आसपास जातं, तर सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओला १/५० हवं असतं. प्रकाश ६४ पट कमी करायला हवा आणि पोलरायझर एकटा निम्म्याहून थोडा जास्तच कापतो. दोन फिल्टर एकावर एक चढवले की वजन पुन्हा पुढे सरकतं, म्हणून एनडी (सगळाच प्रकाश सारखा कमी करणारा फिल्टर) आणि पोलरायझर एकाच काचेत असलेला फिल्टर घ्यावा.

एक पेच मात्र सुटत नाही. सूर्योदयाला उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे पाहिलं तर क्षितिजाजवळच्या आभाळाचा प्रकाश उभा कंप पावतो, पाण्यावरची चकाकी आडवी. पाणी स्वच्छ करणारा फिल्टर त्या वेळी आभाळ गडद करणार नाही. दोन्हींपैकी एक निवडावं लागतं आणि तलाव हा विषय असेल तर मी पाणी निवडतो.

डाळिंबाच्या बागांवर हाच फिल्टर छान काम करतो. पानांवरच्या मेणचट थराची चमक गेली की खरा हिरवा रंग वर येतो. पण बागेची मोजणी करायला कॅमेरा सरळ खाली धरून एकावर एक फोटो घ्यायचे असतील तर फिल्टर काढून ठेवा. त्या कोनात पाण्याची किंवा सपाट पानाची चकाकी तो कापत नाही, उलट प्रकाश खाऊन शटर लांबवतो आणि फोटो अस्पष्ट होतात. उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर नकाशा पाहणं आलंच, कारण होटगी रस्त्यावरचा विमानतळ शहराला लागूनच आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे ड्रोन नेऊच नये, आणि हिवाळ्यात तलावावर पक्ष्यांचे थवे उतरलेले असतील तर त्यांच्यापासून दूरच राहावं.