एजिनाचं कासव पाण्यातून जमिनीवर का आलं?

अथेन्सजवळच्या एजिना या ग्रीक बेटाच्या चांदीच्या नाण्यांचा विषय निघाला की गाडी पहिल्यांदा ‘ग्रीसमधलं पहिलं नाणं कुणाचं’ इथेच अडकते. आर्गोस या ग्रीक शहराच्या एका राजाने इथे ती पाडली अशी जुनी कथा आहे, पण हाती लागणारी नाणी इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्याच्या आसपासची, राजा त्याच्या बराच आधीचा, त्यामुळे ते सोडा. चांदी बरीचशी सिफ्नोस बेटावरून यायची. स्टेटर, म्हणजे तिथलं मुख्य चांदीचं नाणं, १२ ग्रॅमच्या थोडं वर, म्हणजे आपल्या जुन्या तोळ्याहून जरा जड, आणि लोक त्याला सरळ ‘कासव’च म्हणायचे.

खरा घोळ इ.स.पू. पाचव्या शतकातला. आधी नाण्यावर समुद्री कासव, वल्ह्यासारखे पाय, गुळगुळीत पाठीवर मधोमध ठिपक्यांची रांग. मग अचानक जमिनीवरचं कासव, पाठीवर नीट चौकटी. (ग्रीकमध्ये दोघांना शब्द एकच, मराठीसारखाच, त्यामुळे जुन्या लिखाणातून काही कळत नाही, नाणंच बघावं लागतं.) फेमस उत्तर असं, की इ.स.पू. ४५७ च्या सुमारास अथेन्सने एजिनाला हरवलं, तटबंदी पाडली, जहाजं घेतली, वर्षाला ३० टॅलेंट (चांदी मोजायचं मोठं वजन) खंडणी लावली, समुद्र गेला म्हणून कासव जमिनीवर. ऐकायला भारी आहे, पण हरलेलं शहर स्वतःची नाचक्की स्वतःच्याच नाण्यावर का छापेल? काही जण हा बदल ४४५ च्या अथेन्स-स्पार्टा तहाजवळ नेतात.

त्यात अथेन्सचा एक हुकूम, की मित्रशहरांनी स्वतःची चांदीची नाणी पाडायची नाहीत, वजनमापं अथेन्सचीच. तो ४४९ च्या आसपासचा धरला तर एजिनाने तो धाब्यावर बसवला असं म्हणावं लागतं, कारण कासवाची नाणी तर पडतच होती. ४२० नंतरचा धरला तर प्रश्नच मिटतो, कारण ४३१ मध्येच अथेन्सने सगळ्या एजिनाकरांना बायकापोरांसकट बेटावरून हाकललं होतं. मला दुसरं पटतं. हुकमाच्या शिलालेखातल्या एका अक्षराच्या वळणावरून ४४९ या तारखेला किती वर्षं चिकटून बसले लोक!

हाकललेल्यांना अथेन्सचा शत्रू स्पार्टाने थिरिआ या आपल्या सीमाभागात जमीन दिली. ४०५ मध्ये स्पार्टाच्याच सेनापतीने जे उरले होते त्यांना घरी आणलं, पुढच्याच वर्षी अथेन्स शरण आलं, आणि टांकसाळ परत सुरू झाली, आता शहराच्या नावाची अक्षरंही आली. पण कासव? जमिनीवरचंच. ते पराभवाची खूण असतं तर निदान तेव्हा तरी बदललं असतं ना.