भिंतीला घासत जाणारा रस्ता

३० ऑक्टोबर २०२२. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं मार्टिन्सव्हिल. नॅसकार या अमेरिकी मोटार शर्यतींच्या मालिकेतल्या पाचशे फेऱ्यांच्या शर्यतीची शेवटची फेरी, आणि रॉस चॅस्टेन दहाव्या क्रमांकावर. हंगामाच्या अंतिम चौघांत जागा हवी असेल तर आणखी दोन गाड्या मागे टाकायला हव्या होत्या. ट्रॅक जेमतेम अर्ध्या मैलाचा, पेपरक्लिपच्या आकाराचा, पुढे सगळ्या गाड्या दाटीवाटीने. रस्ताच नव्हता. चॅस्टेनने शेवटच्या वळणाआधी पाचवा गिअर टाकला, ब्रेककडे पाय नेलाच नाही, गाडी बाहेरच्या काँक्रीटच्या भिंतीला टेकवली आणि स्टिअरिंग जवळजवळ सोडून दिलं. भिंतीत एक फाटक आहे, त्यात गाडी अडकू नये एवढीच धाकधूक होती, असं त्याने नंतर सांगितलं.

गाडी अडकली नाही. ठिणग्या उडवत, भिंतीला घासत ती पाच गाड्यांना मागे टाकून रेषेपार गेली. त्या फेरीची वेळ होती १८.८४५ सेकंद. पात्रता फेरीत, ताज्या टायरांवर आणि मोकळ्या ट्रॅकवर सर्वांत वेगवान ठरलेल्या गाडीलाही पावणेवीसच्या आसपास सेकंद लागले होते.

हे सुचलं कुठून? लहानपणी भावासोबत गेमक्यूबवर ‘नॅसकार २००५’ हा व्हिडिओ गेम खेळताना, असं चॅस्टेनने सांगितलं. गेममध्ये भिंतीला घासून गेलं तरी खपून जायचं. खऱ्या आयुष्यात खपेल का, ते त्याला ठाऊक नव्हतं. फ्लोरिडात पिढ्यानपिढ्या कलिंगडं पिकवणाऱ्या घरातला हा मुलगा. शर्यत जिंकली की ट्रॅकवर कलिंगड आपटून फोडतो.

गेम झटपट संपवण्याचे विक्रम करणाऱ्या स्पीडरनरांची आणि नॅसकारच्या नामांकित ड्रायव्हरांची तुलना कुणी केली की बहुतेकांना हसू येतं. एक खुर्चीत बसून बटणं दाबतो, दुसरा ताशी तीनशे किलोमीटरने जिवाशी खेळतो. मार्टिन्सव्हिलच्या भिंतीने मला ती तुलना गंभीरपणे घ्यायला लावली. चॅस्टेनने त्या दिवशी केलं त्याला, म्हणजे यंत्रणेतल्या फटीचा फायदा घेण्याला, स्पीडरनरांच्या भाषेत सरळ ‘ग्लिच’ म्हणतात.

आधी भौतिकशास्त्र पाहू. वळणावर गाडीला आत वळवणारं बळ टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून मिळतं आणि त्याला मर्यादा असते. वेग दुप्पट झाला तर लागणारं बळ चौपट होतं, म्हणून वळणाआधी ब्रेक लावावाच लागतो. जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’मध्ये मात्र मोटरसायकलवाला वेग कमी करत नाही. तिथे वळवण्याचं काम भिंत करते. तुम्ही जितकं रेटाल तितकंच ती उलट रेटते, आणि ती मोडेपर्यंत या व्यवहाराला घर्षणासारखी मर्यादा नसते. चॅस्टेनने वळण्याचं काम टायरांकडून काढून भिंतीकडे सोपवलं. बदल्यात गाडीची उजवी बाजू सोलवटून निघाली. शेवटचीच फेरी होती, त्यामुळे गाडीचं पुढे काय होईल याची चिंता नव्हती.

नॅसकारला ही वृत्ती नवी नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत चोरटी दारू पोचवताना गाडी हाणायला शिकलेला ज्युनिअर जॉन्सन १९६० साली डेटोना ५०० मध्ये उतरला तेव्हा त्याची शेव्हरले पॉन्टिअ‍ॅकच्या गाड्यांपेक्षा हळू होती. सरावात त्याच्या लक्षात आलं, की पॉन्टिअ‍ॅकच्या अगदी शेपटीला चिकटून राहिलं तर आपली गाडीही त्याच वेगाने पळते. पुढची गाडी हवा फाडत जाते, तिच्या मागे कमी दाबाचा पोकळ पट्टा तयार होतो आणि त्यात शिरलेल्या गाडीला हवेचा विरोध कमी होतो. शिवाय मागची गाडी तो पट्टा भरून काढते, त्यामुळे पुढच्या गाडीलाही थोडा फायदा मिळतो. आज याला ‘ड्राफ्टिंग’ म्हणतात आणि पोराटोरांनाही ते माहीत असतं. १९६० साली ते माहीत असलेला जॉन्सन शर्यत जिंकून गेला.

दुसरा माणूस स्मोकी युनिक, गाड्या बांधणारा मेकॅनिक. टाकीत इंधन किती असावं याचा नियम होता, टाकीपासून इंजिनपर्यंतच्या नळीबद्दल काहीच नव्हतं. त्याने अकरा फूट लांब आणि दोन इंच जाड नळी गुंडाळून बसवली, असं सांगतात. तिच्यात पाच गॅलन, म्हणजे सुमारे एकोणीस लिटर, जास्तीचं इंधन मावायचं अशी आख्यायिका आहे. मी गुणाकार करून पाहिला, जेमतेम सात लिटर भरतं. असो. नियम काय म्हणतो यापेक्षा तो कशाबद्दल गप्प आहे हे वाचणारा माणूस होता तो.

आता मारिओकडे या. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या त्या खोक्यात कॅसेट घालून, ती चालेना म्हणून तिच्यात फुंकर मारून ज्यांनी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ खेळला, त्यांना तो गेम पूर्ण करायलाच महिने लागले असतील. हा १९८५ सालचा गेम लवकरात लवकर संपवायचा विक्रम २०१६च्या ऑक्टोबरमध्ये ‘डार्बियन’ या नावाने खेळणाऱ्याने ४ मिनिटं ५६.८७८ सेकंदांवर आणला. एप्रिल २०२१ मध्ये ‘निफ्टस्की’ने ४:५४.९४८ केले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्यानेच ४:५४.६३१. म्हणजे जगातल्या सगळ्या निष्णात खेळाडूंनी मिळून सात वर्षांत कमावले सव्वादोन सेकंद.

इतके कमी का, याचं उत्तर गेमच्या पोटात आहे. हे यंत्र सेकंदाला साधारण ६० चित्रं, म्हणजे फ्रेम, दाखवतं. पातळी संपली की पुढची सुरू करायची का, हे मात्र ते दर फ्रेमला तपासत नाही. दर २१ फ्रेमनीच तपासतं. स्पीडरनर यासाठी बसचा दाखला देतात: दर २१ फ्रेमनी, म्हणजे सुमारे ०.३५ सेकंदांनी, स्टॉपवरून एक बस सुटते. तुम्ही धावतपळत दहा फ्रेम आधी पोचलात तरी बस सुटेपर्यंत ताटकळायचंच. म्हणून एखाद्या पातळीत पाच फ्रेम वाचवणं निरर्थक ठरू शकतं, आणि आधीची बस गाठून देणारी शेवटची एक फ्रेम सोन्याच्या मोलाची. फक्त शेवटच्या पातळीत बस नाही. तिथे प्रत्येक फ्रेम मोजली जाते.

एक युक्ती जवळून पाहू. चौथ्या जगाच्या दुसऱ्या पातळीत एक लपलेली वेल आहे. तिच्यावरून चढून गेलं की थेट आठव्या जगात उडी मारता येते, पण वेल चढण्यात वेळ जातो. थोडं पुढे एक नळ (पाइप) आहे, त्यात उतरलं की फक्त नाण्यांची खोली लागते. ‘इथून आत शिरलास तर कुठे जाशील’ याचा पत्ता गेम एका वेळी एकच लक्षात ठेवतो, आणि पडदा पुरेसा पुढे सरकला की तो बदलतो. मारिओ तिथवर चालत आला आणि पडदा मात्र थोडा मागे राहिला, तर? खेळाडू मारिओला ठोकळ्यांवर अशा बेताने आपटवतो की मारिओ पडद्यावर नेहमीपेक्षा काही ठिपके उजवीकडे सरकतो. मग तो नळात उतरतो तेव्हा गेमच्या डोक्यात अजून वेलीचाच पत्ता असतो, आणि मारिओ वेल न चढता वेलीच्या टोकाला पोचतो. स्मोकी युनिकला हे फार आवडलं असतं.

या लोकांची प्रतिक्रिया विजेसारखी असते, असा आपला समज असतो. तो बराचसा चुकीचा आहे. डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीवर बोट हलायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. सरावाने त्यात थोडाफार फरक पडतो, चमत्कार होत नाही. मारिओची एक फ्रेम १६.६ मिलिसेकंदांची. म्हणजे दिसलं आणि दाबलं, एवढ्यात बारा-पंधरा फ्रेम निघून गेलेल्या असतात. टॅलाडेगाच्या ट्रॅकवर ताशी ३०० किलोमीटरने पळणारी गाडी तेवढ्या वेळात सतरा-वीस मीटर पुढे जाते, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या तीन-चार पट. आणि पुढच्या गाडीचा बंपर असतो हातभर अंतरावर. पाहून प्रतिसाद द्यायला थांबणारा दोन्हीकडे कामातून जातो.

मग ते करतात काय? अंदाज. आपला मेंदू, विशेषतः लहान मेंदू, पुढच्या क्षणी काय घडणार याचं चित्र आधीच रंगवत असतो आणि हालचाल त्या चित्राला धरून सुरू करतो. हजारो वेळा तीच फेरी मारली, तीच पातळी खेळली, की चित्र इतकं नेमकं होतं की खेळाडू घटनेच्या आधी बटण दाबायला सुरुवात करतो आणि बोट बरोबर वेळेवर पोचतं. यात एक बारकावा आहे. मनातल्या मनात वेळ मोजताना होणारी चूक मोजायच्या वेळेबरोबर वाढत जाते. एक सेकंद थांबून दाबायला सांगितलं तर तुम्ही जेवढे चुकाल, त्याच्या साधारण दुप्पट दोन सेकंदांना चुकाल. म्हणून कसलेला स्पीडरनर युक्तीच्या अगदी अलीकडची खूण शोधतो: अमुक ठोकळ्याची कड, संगीतातला अमुक सूर. ड्रायव्हरही ट्रॅकच्या कडेचे डाग, कुंपणाचे खांब असेच हेरून ठेवतो. शिवाय त्याच्या कानात स्पॉटर असतो, उंचावर बसून ‘आतून गाडी’, ‘मोकळं’ असं अखंड सांगत राहणारा. डोळा मागे वळवायला ड्रायव्हरला वेळच नसतो.

पण अंदाज पक्का असला तरी साखळी लांब आहे. समजा एकेक अवघड युक्ती तुम्हाला दहापैकी आठ वेळा जमते. अशा दहा युक्त्या ओळीने जमण्याची शक्यता सुमारे ११ टक्के. वीस असतील तर एक टक्क्याच्या थोडीशी वर. म्हणून स्पीडरनर दिवसचे दिवस पहिल्या-दुसऱ्या मिनिटाला ‘रीसेट’ दाबत बसलेला दिसतो. बाहेरून तो वेडेपणा वाटतो, गणितात बसवला की सरळ हिशेब आहे. आणि कधीतरी तिसऱ्या मिनिटापर्यंत सगळं जुळून येतं, तेव्हा खुर्चीत हललेलाही नसलेल्या माणसाचं हृदय धडधडायला लागतं. डार्बियन नाडी मोजणारं यंत्र लावून खेळायचा. पडद्याच्या कोपऱ्यातला तो आकडा शेवटच्या पातळीत चढत जाताना प्रेक्षकांना दिसायचा.

इथे तुलना थांबते. ड्रायव्हरकडे ‘रीसेट’चं बटण नाही. गाडीच्या आत पारा पन्नास अंशांच्या वर जातो आणि तीन-तीन तास नाडी पळणाऱ्या माणसासारखी चालते. सात वेळा अजिंक्य ठरलेला डेल अर्नहार्ट, भले भले ज्याच्या तीन नंबरच्या काळ्या गाडीला वचकून असायचे, १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून गेला. त्याच वर्षी मानेला आधार देणारी उपकरणं सक्तीची झाली, पुढे भिंतींवर धक्का शोषणारे अडथळे बसवले गेले. त्यानंतर नॅसकारच्या सर्वोच्च, म्हणजे कप मालिकेच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. चॅस्टेनने स्टिअरिंग सोडण्याचं धाडस केलं, त्याला या इतिहासाची पार्श्वभूमी आहे, हे लोक फारसं बोलत नाहीत.

कोणता स्पीडरनर कोणत्या ड्रायव्हरसारखा, हा चहाच्या टपरीवरचा वाद. माझ्या मते रिचर्ड पेटी किंवा अर्नहार्टशी त्यांची तुलना करूच नये. पेटीचे दोनशे विजय गाड्यांच्या गर्दीतले. स्पीडरनर एकटा असतो, समोर फक्त घड्याळ. त्याचा खरा जोडीदार बिल एलियट. ३० एप्रिल १९८७ रोजी टॅलाडेगाच्या पात्रता फेरीत, मोकळ्या ट्रॅकवर, त्याने २.६६ मैलांची फेरी ४४.९९८ सेकंदांत मारली. ताशी साधारण ३४२ किलोमीटर. तो विक्रम आजही उभा आहे, पण त्यानंतर चांगले ड्रायव्हर आलेच नाहीत असं नाही. तीन दिवसांनी त्याच ट्रॅकवर बॉबी अ‍ॅलिसनची गाडी उडून प्रेक्षकांपुढच्या कुंपणावर आदळली. १९८८ पासून अशा वेगवान ट्रॅकवर इंजिनात जाणारी हवा अडवणारी भोकांची चकती सक्तीची झाली. गेमवाल्यांच्या भाषेत, पॅच आला, म्हणजे फट बुजवणारी दुरुस्ती. एलियटचा आकडा जुन्या आवृत्तीत अडकून पडला.

मारिओला पॅच नाही. कॅसेटमध्ये १९८५ साली जो कोड कोरला, तोच आजही चालतो. म्हणून निफ्टस्की आणि डार्बियन खरोखर एकाच ट्रॅकवर धावतात. नॅसकारमध्ये दोन पिढ्यांची तुलना अशी करताच येत नाही.

दोन्ही जगांमधली भिंत तशी पातळ होतच चालली आहे. २०२४ आणि २०२५ ची डेटोना ५०० जिंकणारा विल्यम बायरन चौदा-पंधरा वर्षांचा होईपर्यंत खऱ्या शर्यतीच्या गाडीत बसला नव्हता, घरच्या संगणकावर आयरेसिंग हा शर्यतींचा गेम खेळून शिकला. उलट २०२० च्या टाळेबंदीत नॅसकारने संगणकावर शर्यती घेतल्या, तेव्हा टेक्सासची शर्यत टिमी हिलने जिंकली. खऱ्या कप मालिकेत त्याच्या नावावर एकही विजय नाही.

आणि मार्टिन्सव्हिलची भिंत? जानेवारी २०२३ मध्ये नॅसकारने जाहीर केलं, की सुरक्षेच्या जुन्याच नियमाखाली असल्या चालीला यापुढे दंड होईल. चॅस्टेनचा निकाल मात्र तसाच ठेवला. गेमक्यूबवर ती भिंत अजून मोकळीच आहे.