रायझन ७५२०यू आणि ७५३०यू : मधल्या आकड्याची गोष्ट

काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडून ठेवले होते. दोन्ही करडे, दोन्ही साडेपंधरा इंची, दोन्हीत ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी. कीबोर्डाच्या कोपऱ्यातलं स्टिकरही तेच : रायझन ५, ७००० सीरिज. किमतीत फरक साडेतीन हजारांचा. "सेमच आहे काका, नुसता मॉडेलचा फरक," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. भाच्याला हवं होतं ते इतकंच : कॉलेजच्या असाइनमेंट, थोडं कोडिंग आणि रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा गेम. ताई ४५ हजारांच्या वर जायला तयार नव्हती. स्वस्तातला उचलून घरी जाणं अगदी सोपं होतं.

खोक्यावरच्या बारीक लेबलवर प्रोसेसरचं पूर्ण नाव सापडलं. एकात रायझन ५ ७५२०यू, दुसऱ्यात ७५३०यू. फरक एका आकड्याचा, तोही मधल्या.

रायझन प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी कंपनीने सप्टेंबर २०२२मध्ये लॅपटॉप प्रोसेसरांना नावं द्यायची नवी पद्धत जाहीर केली. तिच्यात पहिला आकडा वर्षाचा : ७ म्हणजे २०२३, ८ म्हणजे २०२४. दुसरा दर्जाचा. आतली रचना कोणत्या पिढीची, ते तिसरा आकडा सांगतो. ७५२० मधला २ म्हणजे झेन २, ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३. झेन २ बाजारात आली २०१९ साली, झेन ३ नोव्हेंबर २०२०मध्ये. स्टिकरवर ठळक छापतात तो ७ फक्त कॅलेंडर दाखवतो, आणि कामाचा आकडा स्टिकरवर नसतोच. पद्धत लपवलेली नव्हती हे खरं, पण लॅपटॉप घ्यायला जाताना कोण ती पाठ करून जातं?

७५२०यू मध्ये चार कोअर (काम करणारे मेंदू), आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) आणि ४ एमबी एल३ कॅश आहे. ७५३०यू मध्ये सहा कोअर, बारा थ्रेड आणि १६ एमबी. क्लॉक स्पीडवर जाल तर फसाल, कारण तिथे ४.३ आणि ४.५ गिगाहर्ट्झ असा किरकोळ फरक दिसतो. कॅशचा फरक मात्र चौपट आहे. कॅश म्हणजे ओट्यावर हाताशी ठेवलेले डबे. त्यात नसेल ते रॅममधून आणायचं, म्हणजे दरवेळी स्टूल घेऊन माळ्यावर चढायचं. गेममध्ये ही चढउतार फार होते.

ग्राफिक्समध्ये गंमत आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड दोघांतही नाही, जे आहे ते प्रोसेसरच्या पोटात. ७५२०यू मधलं रेडिऑन ६१०एम नव्या आरडीएनए २ रचनेचं, पण त्यात कम्प्यूट युनिट, म्हणजे चित्र काढणारे कामगार, फक्त दोन. ७५३०यू मधलं जुन्या वेगा घराण्यातलं, पण युनिट सात. मांडवाचे वासे उचलायला दोन तरणे पोरगे आणि सात वयस्कर गडी आले, तर वासे सात जणच आधी उचलतील. व्हॅलोरंट आणि माइनक्राफ्ट ७५३०यूवर कमी सेटिंगला नीट चालतात, जीटीए फाइव्हही रेझोल्यूशन उतरवलं की खेळता येतं. नवे मोठे गेम दोन्हींवर विसरा.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट रॅमची. ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ रॅम घेतो आणि ही रॅम बोर्डावर सोल्डर केलेलीच येते. ८ जीबीचा घेतलात की तो कायम ८ जीबीचा, त्यातलाही काही भाग ग्राफिक्स स्वतःसाठी बाजूला काढणार. क्रोमचे दहा टॅब, एक मीटिंग आणि वर्ड एवढ्यात मशीन भरून जातं. ७५३०यूबरोबर बहुतेक वेळा साधी डीडीआर४ असते आणि रॅमची पट्टी, म्हणजे स्टिक, बसवायला स्लॉट असतो. बहुतेक म्हटलं, कारण पातळ मॉडेलमध्ये तिथेही सगळी रॅम चिकटवलेली सापडते. स्लॉटाचा दुसरा फायदा असा, की एकाच्या जागी दोन स्टिक बसवल्या की रॅमकडे जाणारा रस्ता दुपदरी होतो. पोटातलं ग्राफिक्स सगळा माल याच रस्त्याने आणतं, त्यामुळे गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो. माझ्या मते स्वस्त लॅपटॉपवरचा सगळ्यात शहाणा खर्च हाच.

हे दुकानातच तपासता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलात की वर पूर्ण नाव, खाली कोअर आणि एल३ कॅश. मग मेमरीवर जा. तिथे फॉर्म फॅक्टरपुढे 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर ती रॅम सोल्डर केलेली. 'सोडिम' दिसलं तर स्टिक. शेजारी किती स्लॉट वापरात आहेत तेही येतं. काउंटरवरचा मुलगा जरा वैतागतो, पण अडवत नाही.

म्हणून ७५२०यू टाकाऊ आहे का? नाही. ती चिप २०२२मध्ये मुद्दाम कमी विजेवर चालण्यासाठी बनवली आहे. एव्ही१ व्हिडिओ (यूट्यूबही वापरतं तो व्हिडिओ दाबून लहान करण्याचा प्रकार) ती हार्डवेअरवर उलगडते, आणि ते ७५३०यूच्या वेगा ग्राफिक्सला जमत नाही. ताईच्या सासऱ्यांना सकाळी ई-पेपर, दुपारी यूट्यूबवर कीर्तन आणि रविवारी अमेरिकेतल्या नातीशी व्हिडिओ कॉल एवढंच हवं असतं. त्यांच्यासाठी मी तोच घेतला असता, फक्त १६ जीबीचा, कारण नंतर वाढवता येत नाही.

नावांचा हा गोंधळ एका कंपनीचा नाही. इंटेलच्या आय५ १२३५यू मध्ये ग्राफिक्सची ८० युनिट आहेत, तर वरकरणी दणकट वाटणाऱ्या आय५ १२४५०एच मध्ये ४८च. आणि १२३५यूवर रॅमची एकच स्टिक असेल, तर तेच ग्राफिक्स आयरिस एक्सई या वरच्या दर्जाच्या नावाऐवजी साधं यूएचडी म्हणून दिसतं! बजेट थोडं ताणता आलं तर रायझन ५ ७५३५एचएस बघा : सहा कोअर, डीडीआर५ आणि नव्या रचनेचं रेडिऑन ६६०एम. बॅटरी मात्र लवकर उतरते, चार्जर दप्तरातच ठेवायचा.

भाच्याने ७५३०यू घेतला. टास्क मॅनेजरमध्ये दोनपैकी एकच स्लॉट भरलेला होता. गणपतीत आजी-आजोबांनी हातावर ठेवलेल्या पैशांतून त्याने ८ जीबीची दुसरी स्टिक आणली. झाकण उघडल्याने वॉरंटी जात नाही ना, हे सर्व्हिस सेंटरला विचारून घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप पालथा घातला. दहा स्क्रू निघाले तरी झाकण हलेना. अकरावा मागच्या रबरी पट्टीखाली होता.