जुन्या पोलीस ठाण्याचं आणि तुरुंगाचं कलाकेंद्र : हाँगकाँगमधली पात्रता, कागदपत्रं आणि परवानग्या

बंद पडलेली चौकी किंवा रिकामा तुरुंग दिसला की ‘इथे कलादालन करा’ असं निवेदन देऊन मोकळे होणारे पुष्कळ असतात. निवेदन वेगळं आणि अर्ज वेगळा. अर्जात कलेच्या आधी भिंती येतात आणि भिंतींच्या आधी हिशेब. हाँगकाँगने हे काम दोन वेगळ्या वाटांनी केलं आहे. दोन्हींची कागदपत्रं बघण्यासारखी आहेत.

उदाहरण ताय क्वूनचं. सेंट्रल भागात हॉलीवूड रोडवर एकाच आवारात पोलीस ठाणं, मॅजिस्ट्रेटचं न्यायालय आणि व्हिक्टोरिया तुरुंग होता. तुरुंगाची सुरुवात १८४१ ची, म्हणजे इंग्रजांनी बेट ताब्यात घेतलं त्याच वर्षाची. १९३१ मध्ये हो ची मिन्ह इथेच कैदेत होते. २००६ मध्ये तुरुंग बंद झाला आणि मे २०१८ मध्ये हेच आवार कलाकेंद्र म्हणून लोकांना खुलं झालं.

इमारतीचा दर्जा

पहिलं काम म्हणजे इमारत कोणत्या यादीत आहे ते बघणं. हाँगकाँगमध्ये ‘घोषित स्मारक’ आणि ‘श्रेणी १, २, ३’ असे दोन प्रकार आहेत, आणि इथेच पुष्कळांची गल्लत होते. श्रेणी ही प्रशासकीय नोंद आहे, तिला कायद्याचं संरक्षण नाही. घोषित स्मारकाला मात्र पुरातन वास्तू कायद्याचं कवच असतं. सल्लागार मंडळाशी विचारविनिमय आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची, म्हणजे हाँगकाँग सरकारच्या प्रमुखांची, मान्यता झाल्यावर राजपत्रात अधिसूचना निघते. त्यानंतर परवान्याशिवाय तिथे तोडफोड, बांधकाम, खोदकाम काहीच करता येत नाही. ताय क्वूनच्या आवारातलं ठाणं, न्यायालय आणि तुरुंग ही तिन्ही १९९५ मध्ये घोषित झाली होती. म्हणजे कलाकेंद्राची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधी ‘पाडून टाका’ हा पर्याय संपलेला होता.

अर्ज कोणाला करता येतो

सर्वसाधारण वाट २००८ मध्ये सुरू झालेल्या ऐतिहासिक वास्तू पुनरुज्जीवन भागीदारी योजनेची. ती विकास खात्याच्या वारसा आयुक्त कार्यालयाकडे आहे. आपल्या मनाला येईल त्या इमारतीसाठी इथे अर्ज करता येत नाही. सरकार स्वतःच्या मालकीच्या रिकाम्या वास्तू टप्प्याटप्प्याने जाहीर करतं आणि त्यांच्यापुरतेच प्रस्ताव मागवतं.

व्यक्तीला अर्ज करता येत नाही, नफा कमावणाऱ्या कंपनीलाही नाही. अर्जदार ना-नफा संस्था हवी आणि तिला तिथल्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८८ खाली धर्मादाय म्हणून करसवलत मिळालेली हवी. आपल्याकडच्या न्यासांना बारा-ए नोंदणी ठाऊक असते, साधारण तसंच. हाँगकाँगमधल्या एखाद्या मराठी मंडळाच्या मनात असं काही असेल तर आधी आपली घटना काढून वाचावी. फक्त सभासदांच्या स्नेहसंमेलनासाठी चालणारं मंडळ धर्मादाय ठरत नाही, उद्देशात सार्वजनिक हित स्पष्ट असावं लागतं.

प्रस्तावात काय लागतं

संस्थेची घटना, करसवलतीचा पुरावा, हिशेब ही नेहमीची कागदं झाली. खरा कस प्रस्तावाचा लागतो. पाच गोष्टींवर तो तपासला जातो : इमारतीचं ऐतिहासिक महत्त्व लोकांपुढे कसं येणार, वास्तूचं जतन कसं होणार, सामाजिक उपक्रम म्हणून तिथे काय चालणार, तो पैशाच्या बाजूने तगणार का, आणि संस्थेला असं काम झेपतं का.

प्रत्येक वास्तूबरोबर सरकार एक माहितीसंच देतं. त्यात इतिहास, नकाशे आणि जतनाच्या मार्गदर्शक सूचना असतात : कोणत्या गोष्टींना हात लावायचा नाही, कुठे बदल चालेल. उत्साही अर्जदार हा संच चाळतात आणि थेट स्वप्नरंजनाकडे वळतात. माझ्या मते प्रस्तावाचं पहिलं पान या सूचनांना उत्तर म्हणूनच लिहावं. कोठडीची भिंत काढून मोठा हॉल करू, असं वाक्य लिहिलेला प्रस्ताव कितीही कलात्मक असला तरी त्याचा निकाल ठरल्यासारखा आहे.

पैशाचं गणित असं : मोठ्या दुरुस्तीसाठी सरकार एकरकमी अनुदान देतं, भाडं नाममात्र घेतं, आणि सुरुवातीचा खर्च व पहिल्या दोन वर्षांची तूट भरून काढायला जास्तीत जास्त ५० लाख हाँगकाँग डॉलर देतं. त्यापुढे संस्थेने स्वतःच्या पायावर उभं राहायचं. म्हणून प्रस्तावातला तिसऱ्या वर्षाचा ताळेबंद सगळ्यात बारकाईने करावा. चित्रप्रदर्शनाच्या तिकिटांवर जुन्या इमारतीचं वीजबिलही सुटत नाही, तिथे उपाहारगृह, दुकान, प्रशिक्षणवर्ग असं काहीतरी लागतंच. ताय ओ गावचं १९०२ चं पोलीस ठाणं याच योजनेत नऊ खोल्यांचं हॉटेल झालं. नॉर्थ काउलूनच्या न्यायालयात अमेरिकेतल्या सवाना कला महाविद्यालयाची शाखा आली, पण २०२० मध्ये तिने गाशा गुंडाळला.

ताय क्वूनची वाट वेगळी

ताय क्वून या योजनेतून झालेलं नाही. एवढं मोठं आवार दोन वर्षांच्या तुटीच्या अनुदानावर पेलणारं नव्हतंच. आधी सरकारच्या मनात पर्यटनासाठी व्यापारी निविदा काढायची होती, त्याला लोकांनी विरोध केला. २००७ मध्ये हाँगकाँग जॉकी क्लबने प्रस्ताव दिला : खर्च आम्ही करतो, जमीन सरकारचीच राहील, चालवायला ना-नफा कंपनी काढू. २००८ मध्ये सरकारने भागीदारी मान्य केली. घोड्यांच्या शर्यतींचा पैसा तुरुंगाच्या डागडुजीला, हे ऐकायला गमतीचं वाटतं. पण तिथे हा क्लबच सार्वजनिक दानधर्माचा मोठा आधार आहे.

पहिल्या आराखड्यात हेर्झोग आणि द म्यूरॉन या स्वित्झर्लंडच्या वास्तुरचनाकारांनी बांबूच्या परांचीसारखा दिसणारा सुमारे १६० मीटर उंचीचा सांगाडा दाखवला होता. लोकांनी तो हाणून पाडला. २०१० मध्ये सुधारित आराखडा आला : १६ जुन्या इमारती जपायच्या आणि दोनच नव्या, बसक्या, ॲल्युमिनियमच्या विटांनी मढवलेल्या इमारती उभारायच्या. जतनाची बाजू पर्सेल या ब्रिटिश संस्थेने सांभाळली. अंदाज १८० कोटी हाँगकाँग डॉलरचा होता, काम संपेपर्यंत आकडा ३८० कोटींवर गेला. जुन्या वास्तूचं अंदाजपत्रक करणाऱ्याने हे दोन आकडे टेबलासमोर चिकटवून ठेवावेत.

या प्रकारात कागद पुढच्या क्रमाने हलतात. आधी संवर्धन आराखडा : कोणता भाग किती मोलाचा, त्याला काय करता येईल. मग नगर नियोजन मंडळाची परवानगी. घोषित स्मारकाच्या जागेत बांधकाम असल्यामुळे पर्यावरण आघात मूल्यांकन आणि त्यातच वारशावर होणाऱ्या परिणामाचा अहवाल. मग स्मारक कायद्याखालचा परवाना आणि इमारत विभागाची नकाशांना मंजुरी. तुरुंग हा माणसं बाहेर पडू नयेत म्हणून बांधलेला असतो आणि सार्वजनिक सभागृहातून माणसं झटकन बाहेर पडता यायला हवीत, त्यामुळे आगीच्या वेळचे मार्ग, जिने, रुंदी आणि अपंगांसाठीची सोय यावर सर्वाधिक वाद होतो. इमारत विभागाने २०१२ मध्ये खास वारसा इमारतींसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली, ती मुख्यतः याच अडचणींसाठी.

सगळ्या सह्या असूनही काम सुरळीत होतंच असं नाही. मे २०१६ मध्ये ताय क्वूनचं काम चालू असतानाच विवाहित निरीक्षकांच्या निवासाची इमारत अंशतः कोसळली. कुणाला इजा झाली नाही. तेव्हा कंत्राटदाराच्या करारात रोजच्या देखरेखीचं आणि टेकू देण्याचं कलम ठळक असावं.

उघडण्याआधीचे परवाने

कार्यक्रमांसाठी सार्वजनिक मनोरंजन स्थळाचा परवाना, उपाहारगृहाचा वेगळा, मद्याचा आणखी वेगळा. ताय क्वूनमध्ये एका जुन्या तुरुंग-इमारतीच्या कोठड्यांतच बार चालतो, तेव्हा हे परवाने कागदापुरते नाहीत. आवारातला आंब्याचा जुना वृक्ष मात्र जपला आहे. तो भरपूर फळला की पोलिसांना बढत्या मिळतात, अशी तिथल्या शिपायांची समजूत होती.

आपल्याकडे विचार करणाऱ्यांसाठी : गोव्यात आग्वादचा तुरुंग दुरुस्त होऊन २०२१ मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला. महाराष्ट्रात वास्तू १९६० च्या राज्य स्मारक कायद्याखाली संरक्षित असेल तर पुरातत्त्व संचालनालयाकडे, आणि मुंबईच्या वारसा यादीत असेल तर महापालिकेकडे आणि वारसा संवर्धन समितीकडे विचारणा करावी लागते. तुरुंग किंवा ठाणं असेल तर जागेचा ताबा गृह खात्याकडून सुटलेला आहे का, हे पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात विचारा.