श्रमगुणांची वही: चीनच्या कम्यूनमध्ये माणूस कुठे अडला?

‘साम्यवाद माणसाच्या स्वभावात बसत नाही’ म्हणताना चीनच्या कम्यूनचा, म्हणजे हजारो घरांनी मिळून करायच्या सामूहिक शेतीचा, दाखला हमखास दिला जातो. कम्यूनमध्ये कामाचा हिशेब कसा ठेवत, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं.

१९५८ मध्ये सुमारे ७,४०,००० सहकारी शेतीसंस्था एकत्र करून २६,००० च्या आसपास कम्यून उभे केले गेले. एकेकात सरासरी ५,००० घरं. घरच्या चुली बंद, जेवण सामूहिक भोजनालयात. त्यापाठोपाठ १९५९-६१ चा भीषण दुष्काळ आला. त्याचं खापर आळसावर फोडणं चूक आहे. पिकाचे फुगवलेले आकडे, त्यांवर बेतलेली धान्यवसुली आणि पोलादाच्या भट्ट्यांकडे वळवलेले मजूर ही त्याची मोठी कारणं.

त्यानंतर हिशेब २०-३० घरांच्या तुकडीवर आणला गेला. कामाबद्दल वहीत श्रमगुण मांडत: तगड्या पुरुषाला दिवसाचे १०, बाईला बहुधा ७-८. वर्षअखेरीस कर, सरकारी वसुली, बियाणं आणि सामूहिक निधी वजा करून उरलेलं वाटत. धान्याचा मोठा हिस्सा माणशी, बाकीचा गुणांप्रमाणे. एका गुणाला काय मिळणार, हे वर्ष संपेपर्यंत कळत नसे.

गोम इथेच आहे. २५ घरांच्या तुकडीत एका घराने जीव तोडून १०० किलो धान्य जास्त पिकवलं आणि वहीत फक्त हजेरी लागली, तर त्या घराच्या पदरात जेमतेम ४ किलो पडणार. कारखान्यात नग मोजता येतात. खुरपणी नीट झाली की वरवर, हे पीक हाती येईपर्यंत उमगत नाही. काही तुकड्यांनी उक्तं काम देऊन पाहिलं, म्हणजे लावणीच्या क्षेत्रावर गुण. मग रोपं घाईघाईने, विरळ लागू लागली. तीच माणसं जमिनीच्या छोट्या खाजगी तुकड्यावर मात्र राबत, आणि चांगलं खतही बरेचदा आधी तिथेच जाई.

हे कोणाला कळत नव्हतं असं नाही. आन्हुई प्रांताने १९६१ मध्येच घरटी जबाबदारीवर शेतं दिली होती. १९६२ मध्ये ती पद्धत मोडून काढली. १९७८ च्या अवर्षणानंतर त्याच प्रांतातल्या शियाओगांगच्या १८ कुटुंबांनी गुपचूप जमीन वाटून घेतली आणि कागदावर अंगठे उठवले. पुढारी तुरुंगात गेले तर त्यांची मुलं १८ वर्षांची होईपर्यंत गावाने सांभाळायची, असंही ठरलं. ‘स्वार्थी’ स्वभावाचा पुरावा म्हणून हाच कागद दाखवतात, हे जरा गमतीचंच.

देशाचं धान्य १९७८ मधल्या सुमारे ३०.५ कोटी टनांवरून १९८४ मध्ये ४०.७ कोटी टनांवर गेलं. सगळं श्रेय घरटी कराराचं, म्हणजे घराघराला शेत कसायला देण्याच्या पद्धतीचं, नाही. १९७९ मध्ये सरकार धान्यासाठी देत असलेला वसुलीचा भाव २० टक्क्यांनी वाढला होता, रासायनिक खत आणि संकरित भातही पसरत होता. अर्थतज्ज्ञ जस्टिन लिन यांच्या अंदाजाने करारपद्धतीचा वाटा निम्म्याच्या आसपास. जमिनीची मालकी तेव्हाही सामूहिकच राहिली. वाटली गेली ती कसणूक.

कम्यून मोडले, तशी त्यांच्या निधीवर चालणारी आरोग्यसेवाही गेली. सत्तरच्या दशकात सुमारे ९० टक्के गावांत असलेली सहकारी वैद्यकीय योजना ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ५ टक्क्यांच्या आसपास उरली. नवी योजना यायला २००३ उजाडलं, तीही सरकारी पैशाच्या जोरावर.