अनुभवी खेळाडू दिला की नवा तारा मिळतोच?

एनबीए या अमेरिकेतील बास्केटबॉल लीगच्या चाहत्यांत एक समज घट्ट बसला आहे: संघ हरतोय ना, मग तिशी ओलांडलेला खेळाडू देऊन पहिल्या फेरीचे पिक घ्या, पुढचा तारा तयार! एवढे सोपे नाही. पिक म्हणजे दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडण्याची पाळी; हरणारे संघ आधी निवडतात, जिंकणारे शेवटी. पिक कोणाचे आणि कोणत्या वर्षाचे, यावर सगळे ठरते.

अनुभवी खेळाडू घेतो तो जिंकायला निघालेला संघ. 30 संघांत तो पहिल्या पाचांत आला, तर त्या वर्षीचे त्याचे पिक 26 ते 30 क्रमांकाचे. तिथून तारा क्वचितच निघतो. म्हणून मागायची ती तीन-चार वर्षांपुढची पिके, तो संघ थकल्यावरची.

2013 मध्ये बॉस्टनने केविन गार्नेट (वय 37) आणि पॉल पियर्स (35) ब्रुकलिनला देऊन 2014, 2016 आणि 2018 ची पिके घेतली. मधली वर्षे का सोडली? सलग दोन वर्षे पहिल्या फेरीच्या पिकाविना राहावे लागेल असा सौदा नियमात बसत नाही. म्हणून 2017 साठी फक्त अदलाबदलीचा हक्क घेतला, म्हणजे ब्रुकलिनचे पिक वरचे आले तर आपले देऊन ते घ्यायचे. 2014 चे पिक 17 वे आले, वाया गेले. 2016 ला तिसऱ्या क्रमांकावर जेलन ब्राउन मिळाला. 2017 ला पहिला क्रमांक लागला. तो फिलाडेल्फियाला देऊन तिसऱ्यावर जेसन टेटम घेतला. 2024 ला हीच जोडी विजेती.

आणि मुद्दाम हरून वरचे पिक मिळवायचे म्हटले तर? वरची पिके ठरतात लॉटरीने, म्हणजे सोडतीने; 2019 ला तिचे नियम बदलून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या पिकाची संधी 14-14 टक्केच ठेवली. 2024 ला फक्त 14 सामने जिंकलेला डेट्रॉइट पाचवर घसरला.

सौद्यात ‘टॉप-10 संरक्षित’ अशी अट असेल, तर पिक पहिल्या दहांत आल्यास मूळ संघाकडेच राहते. चांगले निघाले की त्यांचे, सुमार निघाले की तुमचे.